वाद्यमंचावरून वर्गात : जॅझ कलावंत आणि त्यांचे अध्यापन

जॅझ हा संगीतप्रकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरी आकाराला आला. आफ्रिकी वंशाच्या लोकांची श्रमगीते, चर्चमधील भक्तिगीते, ब्लूज नावाची लोकगीते आणि मिरवणुकींच्या बँडमधील युरोपीय वाद्ये यांच्या मिलाफातून तो घडला. ठरलेली चाल जशीच्या तशी न वाजविता तिच्या आधाराने वादकाने त्याच क्षणी नवी स्वररचना करावी, हे या संगीताचे मर्म होय. आलाप-तानांच्या विस्ताराशी परिचित असलेल्या भारतीय वाचकाला ही कल्पना समजण्यास अवघड जाऊ नये.

अशी कला शिकविता येते काय, आणि येत असल्यास ती कोणी, कोठे व कशी शिकवावी, हा प्रश्न गेली सुमारे ऐंशी वर्षे अमेरिकेतील जॅझ कलावंतांसमोर उभा आहे. आज त्या देशातील अनेक नामवंत जॅझ कलावंत एकाच वेळी वादक, रचनाकार आणि विद्यापीठातील प्राध्यापक अशा तिन्ही भूमिका पार पाडताना दिसतात. हा त्रिवेणी संगम सहजासहजी घडून आलेला नाही. त्यामागे वंशभेदाचा, उपजीविकेच्या विवंचनेचा आणि एका तरुण कलापरंपरेने स्वतःचे शास्त्र रचण्याचा इतिहास आहे.

विद्यापीठापूर्वीच्या शाळा

जॅझचे शिक्षण पूर्वी केवळ रात्रीच्या मैफलींतच होत असे, असा एक समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. लुई आर्मस्ट्राँगला १९२२ मध्ये किंग ऑलिव्हरने शिकागोला बोलावून घेतले व आपल्या बँडमध्ये शेजारी उभे केले. ऑलिव्हरच्या शेजारी वाजविता वाजविताच आर्मस्ट्राँग घडला, हे खरे. परंतु त्याआधी बालपणी न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात असताना तेथील बँडमध्येच त्याला वाद्यवादनाचे शिस्तबद्ध शिक्षण मिळाले होते, हेही तितकेच खरे.

कृष्णवर्णीयांच्या माध्यमिक शाळांनीही या कार्यात मोठा वाटा उचलला. शिकागोच्या ड्यूसेबल हायस्कूलमध्ये वॉल्टर डायेट हे कडक शिस्तीचे शिक्षक १९६२ पर्यंत संगीत शिकवीत होते. जीन ॲमन्स व जॉनी ग्रिफिन हे सॅक्सोफोनवादक त्यांचेच विद्यार्थी. त्या काळी गोऱ्यांच्या सिंफनी वाद्यवृंदांचे आणि बहुतेक विद्यापीठांतील अध्यापकपदांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद होते. त्यामुळे उत्तम शिक्षण घेतलेले कित्येक कृष्णवर्णीय संगीतज्ञ आपल्या समाजातील शाळांकडे वळले. अन्यायातून निर्माण झालेल्या या परिस्थितीचा लाभ एका पिढीला असा अनपेक्षितपणे झाला.

शाळेतील शिस्त व रात्रीचे काम यांची अशीच जोड आपल्याकडेही पाहावयास मिळते. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन वाचण्यास शिकलेले तरुण मुंबईच्या हॉटेलांतील बँडमध्ये दाखल झाले. तेथे त्यांनी ध्वनिमुद्रिका ऐकून आणि टेडी वेदरफर्ड यांच्यासारख्या अमेरिकी पाहुण्या कलावंतांच्या सहवासात जॅझ आत्मसात केला. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्धीस आलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेव्हियर वाझ हे त्यांपैकीच एक. वाचनाच्या त्या शिस्तीमुळेच पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत या कलावंतांना मानाचे स्थान मिळाले.

आडनावाने झालेला प्रवेश

उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात जॅझने पाऊल टाकले ते काहीसे दबकतच. १९४५ मध्ये लॉरेन्स बर्क यांनी बोस्टन येथे शिलिंगर हाउस ही छोटी संस्था काढली. तीच पुढे बर्कली या नावाने जगप्रसिद्ध झाली. १९४७ मध्ये टेक्सस राज्यातील डेंटन येथील महाविद्यालयात या विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. पण त्याच्या नावात ‘जॅझ’ हा शब्द नव्हता. त्याला ‘नृत्य-बँड’ असे सौम्य नाव देण्यात आले. पानशाळा व नाचघरे यांच्याशी जोडल्या गेलेल्या या शब्दाचे विद्वानांना वावडे होते.

केवळ संस्था निघाल्याने विषय उभा राहत नाही. त्याला स्वतःचे शास्त्र लागते. या दिशेने पहिले भरीव काम जॉर्ज रसेल यांनी केले. तरुणपणी क्षयरोगाने त्यांना दीर्घकाळ रुग्णालयात राहावे लागले. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी जॅझमधील स्वरव्यवस्थेचा विचार सुरू केला आणि १९५३ मध्ये ‘लिडियन क्रोमॅटिक कन्सेप्ट’ या नावाने आपला सिद्धांत प्रसिद्ध केला. वादक ज्या स्वरसंघांच्या, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या, आधाराने विस्तार करतो, त्यांतील प्रत्येक स्वरसंघामागे एक मूळ स्वरपंक्ती असते, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे होते. ती पंक्ती ओळखली की वादकाला स्वरसंघांच्या मागे धावण्याची गरज उरत नाही. त्याला मोकळा विस्तार करता येतो. रसेल यांनी पायाभूत मानलेली लिडियन स्वरपंक्ती तीव्र मध्यमाची आहे. केवळ स्वर पाहिले तर ती आपल्या कल्याण थाटाशी जुळते. माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ मधील ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेत ज्या शैलीचा आविष्कार झाला, तिच्या वैचारिक पार्श्वभूमीत रसेल यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेनॉक्स येथे १९५७ ते १९६० या काळात पियानोवादक जॉन लुइस यांच्या नेतृत्वाखाली उन्हाळी जॅझ विद्यालय भरत असे. तेथे रसेल यांनी अध्यापन केले. पुढे १९६९ पासून ते बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकवू लागले. लेनॉक्स येथे त्यांच्या संपर्कात आलेल्या तरुणांपैकी एकाने जॅझच्या अध्यापनाला पुढे निश्चित स्वरूप दिले. त्याचे नाव डेव्हिड बेकर.

डेव्हिड बेकर यांची वाटचाल

बेकर यांचा जन्म १९३१ साली इंडियानापोलिस येथे झाला. तेथील क्रिस्पस ॲटक्स या कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. वाद्य ट्रॉम्बोन. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे शिक्षण त्यांनी विद्यापीठात घेतले. परंतु सिंफनी वाद्यवृंदात कृष्णवर्णीय वादकाला जागा मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. मिसूरी राज्यातील लिंकन विद्यापीठात त्यांना अध्यापनाची नोकरी मिळाली. पण त्यांनी एका गोऱ्या गायिकेशी विवाह केला आणि त्या राज्यात असा विवाह तेव्हा कायद्याने निषिद्ध असल्यामुळे ती नोकरी त्यांना सोडावी लागली.

याहून मोठा आघात शारीरिक होता. १९५३ मध्ये झालेल्या मोटार अपघातात त्यांच्या जबड्याला इजा झाली. तरीही त्यांनी काही वर्षे वादन चालू ठेवले व रसेल यांच्या सहा जणांच्या संचात नाव मिळविले. अखेर १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांना ट्रॉम्बोन खाली ठेवावा लागला. फुंकून वाजविण्याच्या वाद्यात जबडा व ओठ हेच सर्वस्व असते. तेव्हा तिशी ओलांडलेल्या या कलावंताने चेलो हे गजाने वाजविण्याचे वाद्य नव्याने शिकावयास घेतले आणि आपले लक्ष रचना व अध्यापन यांवर केंद्रित केले.

१९६६ मध्ये ते इंडियाना विद्यापीठात आले व लवकरच तेथील जॅझ विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. २०१३ पर्यंत ती त्यांनी वाहिली. त्या वेळी या विषयाची पाठ्यपुस्तके फारशी नव्हती. म्हणून त्यांनी ती स्वतः लिहिली. थोर वादकांचे उत्स्फूर्त वादन ध्वनिमुद्रिकेवरून कानाने टिपून कागदावर उतरवावयाचे, त्यातील वाक्यरचना वेगळी काढावयाची, ती बाराही स्वरस्थानांवरून वाजवावयाची आणि मग समूहात बसून तिचा उपयोग करावयाचा, असा त्यांचा क्रम होता. कलावंताची प्रतिभा शिकविता येत नाही. पण त्याची भाषा शिकविता येते, हे तत्त्व या पद्धतीच्या मुळाशी आहे. ड्रमवादक पीटर अर्स्काइन, बासवादक जॉन क्लेटन अशी कितीतरी मंडळी या विभागातून बाहेर पडली. रचनाकार म्हणूनही बेकर मागे राहिले नाहीत. याच विद्यापीठात अध्यापन करणारे विख्यात चेलोवादक यानोश श्टार्कर यांनी त्यांच्याकडून आपल्या वाद्यासाठी रचना लिहवून घेतल्या. २०१६ साली बेकर निवर्तले.

पगार, प्रतिष्ठा आणि समाज

बेकर यांच्याप्रमाणेच इतर कलावंतही या सुमारास अध्यापनाकडे वळले. त्याची दोन कारणे होती. एक आर्थिक. १९६० च्या दशकात रॉक संगीताच्या लाटेत जॅझचे अनेक क्लब बंद पडले. शिवाय न्यूयॉर्कमध्ये १९४० ते १९६७ या काळात मद्य मिळणाऱ्या ठिकाणी वाजविण्यासाठी पोलिसांचा परवाना लागत असे. तो रद्द झाला की वादकाची रोजी बुडे. थेलोनियस मंक यांच्यासारख्या श्रेष्ठ पियानोवादकालाही हे सोसावे लागले. दुसरे कारण राजकीय. नागरी हक्कांच्या चळवळीनंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आपल्या इतिहासाला व कलांना अभ्यासक्रमात स्थान मिळावे अशी मागणी केली. त्यातून ड्रमवादक मॅक्स रोच व सॅक्सोफोनवादक आर्ची शेप यांना १९७० च्या दशकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात पाचारण झाले.

सॅक्सोफोनवादक जॅकी मॅक्लीन यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अमली पदार्थांच्या व्यसनापायी त्यांनी न्यूयॉर्कमधील वादनाचा परवाना गमावला होता. त्यातून सावरून ते हार्टफर्ड विद्यापीठात शिकवू लागले व १९८० मध्ये तेथे आफ्रिकी-अमेरिकी संगीताचा विभाग उभा केला. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पत्नी डॉली यांच्यासह १९७० मध्ये त्यांनी त्याच शहरातील गरीब वस्तीतील मुलांसाठी ‘आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह’ ही संस्था स्थापन केली होती. विद्यापीठात पोहोचू न शकणाऱ्यांचे काय, या प्रश्नाला त्यांनी दिलेले हे उत्तर होते.

पियानोवादक व रचनाकार मेरी लू विल्यम्स यांचे घर १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमधील तरुण वादकांची जणू पाठशाळाच होती. मंक आणि बड पॉवेल तेथे येत व शिकत. या कार्याला पद व वेतन मात्र फार उशिरा, १९७७ मध्ये लाभले. त्या वर्षी ड्यूक विद्यापीठाने त्यांना निवासी कलावंत म्हणून बोलाविले. त्या वेळी त्यांचे वय ६७ होते. १९८१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तेथे शिकवीत राहिल्या.

एक गंभीर आक्षेप

जॅझ विद्यापीठात स्थिरावला, तसा एक आक्षेपही पुढे आला. एकाच पुस्तकातून, एकाच स्वरपंक्ती घोटून तयार झालेले विद्यार्थी एकसारखेच वाजवितात, असे जाणकार म्हणू लागले. जेमी एबरसोल्ड यांनी १९६७ पासून काढलेल्या ध्वनिमुद्रिकांमध्ये मुख्य वादकाची जागा रिकामी असे. विद्यार्थ्याने साथीबरोबर घरीच सराव करावा, अशी ती योजना होती. ही सोय मोठीच. पण ध्वनिमुद्रिकेतील साथीदार विद्यार्थ्याचे ऐकून आपली लय बदलीत नाही. आर्ट ब्लेकी यांच्या ‘जॅझ मेसेंजर्स’ या संचात ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिस यांच्यासारखे तरुण रोज रात्री ज्येष्ठांसमवेत वाजवून तयार होत. १९९० मध्ये ब्लेकी निवर्तले आणि अशी फिरती गुरुकुले विरळ होत गेली.

या आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र वर्गांचे दरवाजे बंद केल्याने रात्रीचे क्लब पुन्हा उघडणार नाहीत, हेही तितकेच खरे. म्हणून रसेल, बेकर, मॅक्लीन यांनी जे केले त्याचे मोल वेगळे आहे. ते मंचावरून वर्गात आले आणि येताना मंचाची शिस्त बरोबर घेऊन आले. खरी कसोटी त्यांच्यानंतरच्या, वर्गातच वाढलेल्या पिढीची आहे.

आजची पिढी

ही पिढी ती कसोटी निरनिराळ्या मार्गांनी देत आहे. तमिळ मातापित्यांचे अमेरिकेत जन्मलेले पुत्र विजय अय्यर यांनी भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले. १९९८ मध्ये संगीत व मानवी देहाची जाण यांच्या संबंधावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि २०१४ पासून ते हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. विशेष म्हणजे पियानो ते बव्हंशी स्वतःच शिकले. सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंथप्पा २०१६ पासून प्रिन्स्टन विद्यापीठाच्या जॅझ विभागाचे संचालक झाले. कर्नाटक संगीत सॅक्सोफोनवर आणणारे कद्री गोपालनाथ यांच्यासह त्यांनी २००८ मध्ये ‘किन्समेन’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. पदवी हाती असूनही दुसऱ्या परंपरेतील ज्येष्ठाशेजारी बसून शिकण्याची ही वृत्ती लक्षात घेण्याजोगी आहे.

ड्रमवादक टेरी लिन कॅरिंग्टन यांनी बर्कली येथे २०१८ मध्ये जॅझ व स्त्री-पुरुष समानता या विषयाला वाहिलेली संस्था स्थापन केली. जॅझच्या वर्गात वापरल्या जाणाऱ्या प्रचलित संग्रहांत स्त्रियांच्या रचना जवळजवळ नव्हत्या. म्हणून त्यांनी २०२२ मध्ये स्त्री रचनाकारांच्या १०१ रचनांचा संग्रह प्रसिद्ध केला. पाठ्यपुस्तकात जे नसते ते पुढच्या पिढीच्या स्मरणातूनही जाते, हे मेरी लू विल्यम्स यांच्या चरित्रावरून कळून येतेच.

सारांश, जॅझ कलावंताच्या जीवनात अध्यापन हे आता केवळ उतारवयातील आधाराचे साधन उरलेले नाही. ते त्याच्या कलेचेच एक अंग झाले आहे. अशा अध्यापकाची पात्रता ठरविण्यास पदवी पुरेशी नाही. तो स्वतः अजून वाजवितो काय, विद्यार्थ्याला आपल्याबरोबर मंचावर उभे करतो काय, आणि ज्यांना विद्यापीठाचे दार दिसत नाही त्यांच्यापर्यंत जातो काय, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ऑलिव्हरने आर्मस्ट्राँगला बोलावून घेतले, त्या घटनेला शंभर वर्षे उलटली. शिक्षणाचे ठिकाण बदलले. शेजारी उभे करून शिकविण्याची गरज मात्र बदललेली नाही.