रुंद रस्त्यावरची लहान गाडी

२०१२ साली न्यू जर्सीत मी एक छोटी युरोपीय हॅचबॅक घेतली. दोन दारं, मॅन्युअल गिअर. मुंबईत फियाटच्या मागच्या सीटवर दाटीवाटीने बसून मोठा झालो, त्यामुळे लहान गाडीचं मला अप्रूपही होतं आणि प्रेमही. सहा वर्षं मनापासून चालवली आणि मग विकली. अशा गाड्या अमेरिकेत का खपत नाहीत, हे त्या सहा वर्षांत कळत गेलं.

१. गाडी रस्त्याच्या मापाने बेतलेली असते. मूळ फियाट ५०० आली १९५७ मध्ये, इटलीतल्या गल्लीबोळांसाठी, जेमतेम तीन मीटर लांबीची. अमेरिकेत हायवेची एकेक लेन बारा फुटांची आणि दुकानांपुढे मैदानाएवढं फुकट पार्किंग. लहान असण्याचा फायदा तिथे वापरायलाच मिळत नाही.

२. माणूस गाडी घेतो ती वर्षातल्या चार दिवसांसाठी. आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना घ्यायला नेवार्क विमानतळावर गेलो. दोघांच्या मिळून चार मोठ्या बॅगा, शिवाय मेतकूट-चटण्यांची पिशवी आईने हातातच धरलेली. डिकीत एक बॅग गेली. मागच्या सीटची पाठ पाडली तेव्हा आणखी दोन कशाबशा बसल्या. मग माणसांनी बसायचं कुठे? शेवटी बाबा दोन बॅगा घेऊन टॅक्सीने आले, नव्या देशात पहिल्याच संध्याकाळी एकटे. ते मला फार लागलं. मोठ्या गाड्या घेणारे शेजारी मला पूर्वी उधळे वाटायचे. पण जिथे लोकल नाही, रिक्षा नाही, तिथे सगळा संसार गाडीतूनच न्यावा लागतो.

३. गॅस, म्हणजे पेट्रोल, महागला की लहान गाडी आठवते, उतरला की विसरते. स्मार्ट फोरटू ही चिमुकली गाडी अमेरिकेत आली जानेवारी २००८ मध्ये. त्या उन्हाळ्यात गॅसचे भाव भडकले होते आणि वर्षभरात चोवीस हजारांवर गाड्या गेल्या. वर्ष सरता सरता भाव कोसळले. २०१० मध्ये खप सहा हजारांच्याही खाली. युरोपात पेट्रोलवरचा जबर कर लहान गाड्यांचा खप टिकवून धरतो. इथे केंद्राचा कर गॅलनला १८.४ सेंट, १९९३ पासून तोच.

४. लहान म्हणजे स्वस्त, हे इथे खरं ठरत नाही. २०१२ ची फियाट ५०० साडेपंधरा हजार डॉलरपासून होती. त्यात थोडी भर घातली की चार दारांची कोरोला दारात. मायलेजमध्येही हायवेवर फारसा फरक नाही, आणि स्मार्टला तर महागडा प्रीमियम गॅस लागायचा. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलचं गणित वेगळं होतं. ती खरोखर स्वस्त होती आणि तिच्यामागे सर्व्हिसचं भक्कम जाळं होतं, म्हणूनच १९६८ मध्ये ती इथे चार लाखांच्या वर खपली.

५. भीती खोटी नसते. २००९ मध्ये विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने स्मार्ट आणि मर्सिडीज सी-क्लास समोरासमोर धडकवल्या. स्मार्ट उडून गरगरत गेली. रात्री टर्नपाइक हायवेवर अठरा चाकी ट्रक शेजारून जाताना बायको काही बोलायची नाही, फक्त दाराचं हँडल घट्ट धरायची.

६. विश्वास एकदा उडाला की पिढी जाते. फियाटने अमेरिका सोडली १९८३ मध्ये आणि ती परतली २०११ मध्ये. मधल्या काळात गाडी दुरुस्त करणारे हातही पांगले. याची झळ मलाही लागली: माझ्या गाडीच्या एका साध्या सेन्सरसाठी मी तीन आठवडे थांबलो. जवळचा डीलर बंद झाल्यावर पुढचा पन्नास मैलांवर. गाडी विकायचं ठरलं ते त्याच आठवड्यात.

७. हौस मात्र विकली जाते. २००२ मध्ये आलेली मिनी अजून टिकून आहे, कारण तिने काटकसर विकलीच नाही. फोक्सवॅगनने इथे साधी गोल्फ २०२१ नंतर थांबवली आणि वेगवान जीटीआय ठेवली. माझ्या मते कंपन्यांनी यातून बोध घ्यायला हवा होता: इथे लहान गाडी विकायची ती चालवण्याच्या आनंदासाठी.

तो आनंद मी भरभरून घेतला. होबोकन किंवा सॅन फ्रान्सिस्कोसारख्या दाटीच्या गावात राहत असाल आणि घरात दुसरी मोठी गाडी असेल, तर जरूर घ्या. फक्त सही करण्याआधी सर्व्हिस सेंटर घरापासून किती मैलांवर आहे, तेवढं पाहून घ्या.