गाण्याला खोली द्या, घर नको

ख्रिस्ती मंडळीत गाणारी मुलगी आणि पेटी वाजवणारा मुलगा यांचं लग्न जमलं की सगळ्यांत जास्त आनंद गायकवृंदाला होतो. त्यात त्या दोघांनी स्वतःचं घर बांधलं, तर सरावाला हक्काची जागाच मिळते. त्या दोघांच्या वाट्याला काय येतं, ते मात्र आधी कुणी सांगत नाही. आम्हाला ते अकलूजच्या घरात पहिल्या वर्षभरात कळलं. तुमचं घर अजून जोत्याशी असेल किंवा चावी नुकती हातात आली असेल, तर यातलं काही उपयोगी पडेल.

मी स्टाफ नर्स, माहेर अहिल्यानगरचं. नगरला मंडळीतलं गाणं घराघरात मुरलेलं आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (1861–1919) तिथं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना अभंग आणि पदं लिहिली. त्यांच्या आधी कृष्णराव सांगळ्यांनी देशी चालींवर गीतं आणि ख्रिस्ती कीर्तनं रचली होती. म्हणून 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक उघडलं की इंग्रजी चालीचं गीत आणि ठेक्यावरचं भजन शेजारी-शेजारी सापडतं. आमच्या आजीच्या मते यातलं एकच येणारी मुलगी अर्धीच शिकलेली. नवरा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, हंगामी नोकरीवर. आमची मंडळी लहान. पेटीवाला एकच, आणि तो माझ्या घरात राहतो.

पावसाळ्याच्या तोंडावर घर पुरं झालं. पाळकसाहेबांनी घराच्या समर्पणाची प्रार्थना केली, गायन झालं, जेवणं झाली. हात धुता धुता एक मावशी म्हणाल्या, "आता सराव इथंच ठेवू गं. जागाबी ऐसपैस हाय." सगळे हसले, आम्हीही हसलो. पुढच्या शनिवारी दारात चपलांची रांग लागली होती.

ओल ओळखा

पहिला दणका दिला तो भिंतींनी. विटा, सिमेंट आणि गिलावा यांनी प्यायलेलं पाणी नव्या घरात महिनोन्महिने बाहेर पडत राहतं. त्यात पावसाळा लागला की ते सुकायचं थांबतं आणि खोलीतली हवा दमट होते. पेटीचं अंग लाकडाचं, पट्टीखालची झडप चामडं लावलेली. लाकूड फुगलं की दाबलेली पट्टी वर येत नाही, झडप नीट मिटत नाही आणि एकच स्वर वाजत राहतो. आमचा पंचम असा अडकला. प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले, तरी भात्यातली हवा संपेपर्यंत तो बोलत होता. तबल्याची तऱ्हा वेगळी. दमट हवेत पुडी सैल पडते, स्वर उतरतो आणि वाजवणारा हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत बसतो.

शेजारचे काका भजनी मंडळात पखवाज वाजवतात. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते, इथं गोल रिंगण होतं, आणि त्या दिवशी काकांच्या अंगणात दिंडीची पंगत बसते. वाढायला मी गेले होते, तेव्हा वाद्यांचा विषय निघाला. पंगत उठल्यावर काका आमच्याकडे आले, पेटीमागच्या भिंतीला तळहात लावला आणि म्हणाले, "पोरी, भित अजून पानी सोडतीया. ह्या साली वाद्य हितं ठिवू नगंस." पेटी पंढरपूरला दुरुस्तीला गेली. टाळ, वीणा, पखवाज यांचं ते गाव. पेटी उघडून बसणारे हातही तिथं आहेत. कारागिरानंही काकांचंच म्हणणं सांगितलं.

तेव्हा वाद्य घरात आणण्याआधी एक सोपी परीक्षा करा. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतल्या बाजूला घाम धरलेला दिसला, तर भिंत अजून ओली आहे. अशा घरात पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, फरशीवर ठेवू नका. आतल्या भिंतीपासून वीतभर लांब, स्टुलावर ठेवा. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदलत राहा. उन्हात वाळवायचा मोह टाळा. लाकूड तडकतं, सांधे सुटतात. पहिला पावसाळा वाद्यं मंडळीच्या कोरड्या कपाटात राहिली, तर उत्तमच.

वाट कुठून आहे, ते बघा

सरावाची खोली निवडताना सगळे आकार बघतात. आकारापेक्षा वाट महत्त्वाची. आमच्या नकाशात हॉलमधूनच स्वयंपाकघर आणि हॉलमधूनच झोपायची खोली. पहाटे पाळी संपवून आलेला माणूस रविवारी सकाळी जरा पडला, की शब्बाथ शाळेची मुलं नाताळचं गाणं बसवायला हजर. त्याला आंघोळीला जायचं तरी गायकवृंदातून वाट काढत जावं लागायचं. मुलांचं काही चुकत नव्हतं, त्याचंही नाही. भिंती चुकीच्या जागी होत्या. शेवटी पुढच्या पडवीला खिडक्या बसवून तिची खोली केली. तिला बाहेरून दार आहे. सरावाची माणसं तिथूनच येतात आणि तिथूनच जातात. या एका दाराइतका बदल दुसऱ्या कशानं झाला नाही. घर बांधून व्हायचं असेल, तर हे दार नकाशातच मागून घ्या.

दुसरी गोष्ट आवाजाची. नुसत्या फरशीच्या, मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. गाणाऱ्याला वाटतं आपला गळा आज फारच खुललाय, पण शब्द एकमेकांवर चढतात आणि लय मागं पडते. तेच गाणं माणसांनी भरलेल्या उपासनेत म्हटलं की आवाज पडल्यासारखा वाटतो, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात. एका भिंतीवर जाड गोधडी टांगा, खाली सतरंजी अंथरा, खिडकीला दुहेरी पडदा लावा. खर्च किरकोळ, आणि सरावाला खरा आवाज ऐकू येतो.

गळीत हंगाम आणि नाताळ

अकलूज परिसरात वर्षाचं गणित उसावर चालतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू होतं आणि ऊस असेल तसं फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतं. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ लागतो. म्हणजे गायकवृंदाला पेटीवाला सगळ्यांत जास्त हवा असतो, नेमका तेव्हाच कारखान्याला केमिस्ट सगळ्यांत जास्त हवा असतो. त्याच्या पाळ्या चार-बारा-आठच्या. माझी ड्यूटी वॉर्डच्या वेळापत्रकाप्रमाणे. डिसेंबरात दोघं एका वेळी घरात असायचो ती वेळ सरावाची, आणि तेव्हा घर माणसांनी भरलेलं. एकमेकांना सांगायच्या गोष्टी चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर लावायला लागलो. त्यात हप्ता, गॅस, सासूबाईंच्या गोळ्या एवढंच असायचं. भांडण झालं नाही, पण भांडायला तरी वेळ कुठं होता?

पाळ्या आम्ही बदलू शकत नव्हतो, म्हणून सराव बदलला. भिंतीवर एकच मोठं कॅलेंडर लावलं. त्यावर आधी त्याच्या पाळ्या, मग माझी ड्यूटी, मग आम्हा दोघांची एक मोकळी संध्याकाळ, आणि उरलेल्या जागेत सराव. क्रम असाच ठेवा. सराव आधी लिहिला तर बाकीच्यांना जागा राहत नाही.

दुसरं, एकट्या पेटीवाल्यावर मंडळीचं गायन उभं करू नका. हंगाम संपला की नवऱ्याला संध्याकाळी सवड असते. तेव्हा त्यानं तरुण संघातल्या एका मुलीला आणि एका मुलाला पेटी शिकवायला घेतलं. नेहमीच्या गीतांची साथ दोघांना येते, तेवढ्यावर साधी उपासना निभते. तिसरं, पेटीची साथ फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, पण पट्टी ठरवून. घरी हळू आवाजात म्हणताना खालची पट्टी बरी वाटते, उपासनेत तीच खर्जात बुडते. पुरुषांना काळी एक-दोन सोयीची, बायकांना काळी चार-पाच. एकत्र म्हणायचं असेल, तर गीतातला सगळ्यांत वरचा स्वर कुठं जातो ते बघून मधली पट्टी घ्या आणि पुस्तकात गीताच्या क्रमांकाशेजारी पेन्सिलीनं लिहून ठेवा. दर वेळी पट्टी शोधण्यात जाणारा वेळ वाचतो.

वही ठेवा

हंगामी कामगाराला बिगरहंगामात पूर्ण पगार नसतो, ठरलेला भत्ता मिळतो. घराचा हप्ता मात्र बाराही महिने सारखाच. सरावाचे खर्च दिसत नाहीत, कारण ते सुटे असतात: चहा-साखर, बिस्किटं, झेरॉक्स, कॅरलच्या फेरीचं पेट्रोल, वायर, माईकची बॅटरी. एकदा आम्ही सगळं वहीत उतरवलं आणि महिन्याचा आकडा किराण्याच्या निम्म्यापर्यंत गेलेला दिसला. मग मंडळीच्या खजिनदारांशी बोललो. चहा आळीपाळीनं प्रत्येक घरून येऊ लागला, दुरुस्तीचा खर्च मंडळीकडे गेला.

वाद्य कुणाचं, हेही आधी लिहून ठेवा. आमची पेटी आमची, तबला मंडळीचा, स्पीकर एका भावानं दिलेला. तोंडी ठेवलं, तर बिघाड झाल्यावर नात्यात कटुता येते. आणि घराचा हप्ता चालू असताना कीबोर्ड दुसऱ्या हप्त्यावर घेऊ नका. पेटीला वीज लागत नाही, हप्ताही लागत नाही.

शेजार आणि कायदा

राज्यस्तरीय लावणी स्पर्धेमुळे नावाजलेल्या अकलूजमध्ये ढोलकीचं वावडं कुणाला नाही. आमच्या शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही. पण समोरच्या घरात दहावीचा मुलगा आहे हे आपल्याला माहीत हवं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. 2010च्या दुरुस्तीनंतर रात्रीची बंदी लाउडस्पीकरबरोबर वाद्यांनाही लागू आहे. सूट आहे ती सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्यापुरत्या आवाजाला. सणासाठी वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. ते दिवस जाहीर झालेल्या यादीत बघूनच कॅरलची फेरी आखा. आमच्याकडे सराव साडेआठला संपतो. मार्चमध्ये परीक्षा असतील तेव्हा तबला बंद, नुसती टाळी.

नाही म्हणणं

सगळ्यांत अवघड हे. वेळ ठरवली तेव्हा मंडळीतले एक आजोबा म्हणाले, "टिळकांचं दार कधी बंद होतं का?" प्रश्न बरोबर होता. टिळकांच्या औदार्याला सीमा नव्हती. पण त्यांच्या घराची हकिकत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. त्याचा पहिला भाग 1934 साली आला. टिळक देऊन मोकळे होत आणि संसार ओढायचा लक्ष्मीबाईंनी, हे त्यांनी हसत-हसवत, पण काही न लपवता सांगितलं आहे. आणि टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं, ते पुढे नेलं त्याही लक्ष्मीबाईंनीच. मी आजोबांना पुस्तक नेऊन दिलं. त्यांनी वाचलं की नाही, मी विचारलं नाही. पण पुढच्या शनिवारी साडेआठला तेच सगळ्यांत आधी उठले.

नाही म्हणताना दोन गोष्टी सांभाळा. नकार दोघांनी मिळून द्या, नाहीतर "तो तयार असतो, तीच नको म्हणते" असं होतं. आणि नकाराबरोबर पर्याय द्या: आमच्याकडे महिन्यातले दोन शनिवार, बाकीचे मंडळीच्या दालनात. किल्ली कुणाला देऊ नका, कितीही जवळचं माणूस असलं तरी.

ठरलेल्या मोकळ्या संध्याकाळी आम्ही दोघंही गातो, पण ते उपासनेसाठी नसतं. कधी सिनेमातलं, कधी नगरचं एखादं जुनं भजन, चुकत-माकत, भाजी निवडताना. ही सवय मोडू देऊ नका. फक्त जबाबदारी म्हणून गाणाऱ्याच्या गळ्याला लवकर कंटाळा येतो, आणि तो उपासनेत लपत नाही.

देवाच्या कामाला घड्याळ लावता का, असं तुम्हालाही कुणी विचारेल. त्यांना रविवारच्या उपासनेचीच आठवण करून द्या. ती ठरल्या वेळी सुरू होते, गीतांचे क्रमांक आधी फळ्यावर लागतात, आणि दानाची थैली फिरली की दोन माणसं बसून पैसे मोजतात, वहीत लिहितात, खाली सह्या करतात. भक्ती कमी पडते म्हणून कुणी मोजत नाही. जे देवाचं आहे ते नीट राहावं म्हणून मोजतात. समर्पणाची प्रार्थना तुमच्या घरातही झालेली आहे. त्या घराचा वेळ आणि पैसाही मोजा.