यात्रेच्या आदल्या रात्री टीमशी काय बोलाल? दोन राजांची दोन भाषणं

त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत रामटेकला स्टॉल लावणाऱ्यांना आदली रात्र चांगली ठाऊक आहे. माल उतरवलेला, माणसं कमी, सगळे थकलेले, आणि मालकाला चार शब्द बोलायचे असतात. एका वर्षी माझ्या तर्री-पोह्याच्या स्टॉलवर मीही बोललो. शेजारच्या स्टॉलवाल्याला नावं ठेवली आणि वर सुनावलं, "उद्या जो येणार नाही, त्यानं मागचा पगार विसरायचा." पहाटे पाचला चारपैकी दोन पोरं गायब!

पुढे शेक्सपिअरची दोन ऐतिहासिक नाटकं वाचली, तेव्हा कळलं की हे भाषण माझ्या आधी एका राजानं केलंय.

'तिसरा रिचर्ड'मध्ये १४८५ ची बॉसवर्थची लढाई आहे. रिचर्डचं सैन्य शत्रूच्या तिप्पट. तरी तो बोलतो काय? समोरचे भटके, पळपुटे आहेत. ते जिंकले तर तुमच्या जमिनी जातील, बायकांची अब्रू जाईल. नुसती भीती. जिंकलो तर तुम्हाला काय मिळेल, यावर एक शब्द नाही. भाषण संपतं आणि लगेच निरोप येतो: लॉर्ड स्टॅनली यायला तयार नाहीत. स्टॅनलीचा मुलगा रिचर्डनं ओलीस ठेवलाय, तरीसुद्धा! (कामगाराची मूळ मार्कशीट कपाटात ठेवून घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.)

'पाचवा हेन्री'मध्ये १४१५ सालचं अ‍ॅजिनकोर्ट आहे. इथे एका इंग्रजामागे पाच फ्रेंच. एक सरदार म्हणतो, घरी रिकामे बसलेल्यांतले दहा हजार इथे असते तर! हेन्री म्हणतो, एकही नको. माणसं कमी, तर मानाचा वाटा मोठा. ज्याला लढायचं नाही त्यानं खुशाल जावं, परवाना देतो, वाटखर्चही देतो. मग तो म्हातारपणाचं चित्र रंगवतो: दरवर्षी शेजाऱ्यांना जेवू घालाल, बाही वर करून जखमा दाखवाल. आज जो माझ्यासोबत रक्त सांडेल, तो माझा भाऊ.

बघा, जायची मुभा आधी आणि स्वप्न नंतर. त्यामुळे जो थांबला, तो स्वतःच्या मर्जीनं थांबला. पण वाटखर्च देतो म्हणायला खिशात पैसे लागतात बरं का! पगार थकवलेल्या मालकाला हे वाक्य बोलताच येत नाही.

आणखी एक गंमत. लढाईच्या आदल्या रात्री दोघंही छावणीत फिरतात. रिचर्ड तंबूंना कान लावायला निघतो, कोण फितणार ते शोधायला. हेन्री उसना झगा पांघरून सैनिकांत बसतो. विल्यम्स नावाचा शिपाई, समोर राजा आहे हे न कळता, म्हणतो, लढाईचं कारण खरं नसेल तर याचा जाब राजाला द्यावा लागेल. हेन्री वाद घालतो, चिडतोही, पण ऐकून घेतो.

तरी हेन्रीला डोक्यावर घेऊ नका. लढाईनंतर तो आपल्या मेलेल्यांची यादी वाचतो. चार जणांची नावं, आणि बाकीचे, ज्यांना नाव नाही असे, पंचवीस. सकाळचे भाऊ संध्याकाळी नुसता आकडा झाले.

आता गृहपाठ. सीझनच्या आदल्या रात्री तुम्ही जे बोलणार, त्या पाच ओळी वहीत लिहा. कुठलं वाक्य रिचर्डचं आहे, त्यावर लाल पेनानं खूण करा.

माझं म्हणाल, तर पुढच्या यात्रेला मी मागचा सगळा पगार आदल्या रात्रीच हातात दिला आणि म्हटलं, ज्याला जायचं त्यानं जा. एक पोरगा गेला. तिघं राहिले. गल्ला मोजल्यावर त्या तिघांची नावं वहीत लिहिली आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा वाटा.