न दिसणारी उंची

एक सोपा प्रश्न विचारतो. एका सहा मजली इमारतीची गच्ची आहे आणि तिला कठडा नाही. तिच्या अगदी कडेवर पाय खाली सोडून अर्धा तास गप्पा मारीत बसायला कोणी सांगितले, तर तुम्ही बसाल काय?

अकरावीच्या वर्गात मी दरवर्षी हा प्रश्न विचारतो. सारा वर्ग एका सुरात "नाही" म्हणतो. मग तास संपतो, मुले फाटकाबाहेर जातात, आणि त्यांच्यातलाच एखादा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून भुर्रकन निघून जातो. डोक्यावर हेल्मेट नसते. वेग ताशी ७० कि. मी. तरी असतो. गच्चीची भीती वाटणाऱ्या या मुलाला मोटारसायकलची भीती का वाटत नाही, हे आज पाहू.

उंची कळते, वेग कळत नाही

उंचीची भीती आपल्याला फार लवकर वाटू लागते. १९६० साली एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलावर जाड काच बसवली होती. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकटीचे कापड होते, तर उरलेल्या भागात ते खूप खाली, जमिनीवर होते. रांगणारी बहुतेक बाळे आईने पलीकडून बोलावले तरी त्या "खोल" भागावर गेली नाहीत. काच भक्कम होती, पण डोळ्यांना खोली दिसत होती.

वेगाचे तसे नाही. गॅलिलिओने १६३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की संथपणे एकसमान वेगाने जाणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत बसलेल्या माणसाला जहाज चालले आहे की उभे आहे, हे सांगता येणार नाही. आपल्या कानाच्या आतील भागात तोल सांभाळणारी इंद्रिये असतात. त्यांना त्वरण, म्हणजे वेगातील बदल कळतो, नुसता वेग कळत नाही. म्हणून तर धावत्या एस. टी.त लहान मूल आईच्या मांडीवर गाढ झोपते. वेगाचा धोका सांगणारे इंद्रियच निसर्गाने आपल्याला दिलेले नाही. ते काम गणिताकडून करून घ्यावे लागते.

वेगाची उंची करा

उंचावरून सोडलेल्या वस्तूची स्थितिज ऊर्जा कमी होत जाते आणि तेवढीच गतिज ऊर्जा वाढत जाते. त्यावरून एक सोपे सूत्र मिळते. गुरुत्वत्वरण १० धरले, तर

उंची (मीटर) = वेगाचा वर्ग ÷ २०

यात वेग दर सेकंदाला किती मीटर, असा घ्यायचा. ताशी कि. मी.ला ३.६ ने भागले की तो मिळतो. आता उत्तरे पाहा:

ताशी १८ कि. मी. : १.२५ मीटर
ताशी ३६ कि. मी. : ५ मीटर
ताशी ५४ कि. मी. : ११.२५ मीटर
ताशी ७२ कि. मी. : २० मीटर

एक मजला ३ मीटरचा धरला, तर २० मीटर म्हणजे सहा मजली इमारतीच्या गच्चीपेक्षाही थोडे उंच. ताशी ७२ कि. मी. वेगाने जाणारा माणूस झाडावर किंवा उभ्या ट्रकवर आदळला, तर त्याच्या शरीराला जी ऊर्जा पचवावी लागते, ती त्या गच्चीवरून पडण्याइतकीच असते. प्रत्येक धावत्या वाहनाखाली अशी एक न दिसणारी इमारत उभी असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली का? ३६ चे ७२ झाले, म्हणजे वेग दुप्पट झाला. उंची मात्र चौपट झाली. आपले मन "दुप्पट वेग म्हणजे दुप्पट धोका" असा हिशेब करते आणि येथेच फसते.

करून पाहा

अठराव्या शतकात हॉलंडमधील ग्रावेसांडे या शास्त्रज्ञाने पितळी गोळे मऊ मातीत टाकून हीच गोष्ट तपासली होती. तुम्हीही तपासा. एका ताटलीत मळलेल्या मातीचा जाड थर सपाट करा. एक मोठी गोटी २५ सें. मी. उंचीवरून आणि नंतर तीच गोटी १ मीटर उंचीवरून, पण दुसऱ्या जागी सोडा. दुसऱ्या वेळी तिचा वेग बरोबर दुप्पट असतो. आता ड्रॉपरने दोन्ही खळग्यांत पाणी भरून थेंब मोजा. आकडा अगदी चौपट आला नाही, तरी दुपटीपेक्षा बराच मोठा येईल.

वीस मीटरची गोष्ट

समजा, रस्त्यावर २० मीटर पुढे एकाएकी एक लहान मुलगी चेंडूमागे धावत आली. चालकाला ते दिसून ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो आणि ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतो, असे धरू.

ताशी ३६ कि. मी. वेगाची गाडी पहिल्या सेकंदात १० मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १० मीटर जाऊन थांबते. एकूण २० मीटर. मुलगी वाचली.

आता गाडी ताशी ५४ कि. मी. वेगाने येत आहे. पहिल्या सेकंदात १५ मीटर संपतात आणि ब्रेकसाठी फक्त ५ मीटर उरतात. वेगाचा वर्ग २२५; त्यातून २ × ५ × ५ = ५० वजा केले, तर १७५ उरतात. त्याचे वर्गमूळ सुमारे १३.२, म्हणजे ताशी जवळजवळ ४८ कि. मी.! पहिली गाडी जेथे पूर्ण थांबली, तेथे दुसरी गाडी ४८ च्या वेगाने आदळते. चालक म्हणेल, "मी ब्रेक दाबला होता." त्याचे म्हणणे खरेच असेल.

तीन सेंटीमीटरची किंमत

दुचाकीवरून पडणारा माणूस प्रत्येक वेळी झाडावर आदळतो असे नाही. पुष्कळदा तो रस्त्यावर घसरत जातो. पण त्याचे डोके सुमारे दीड मीटर उंचीवरून खाली येतेच, मग गाडी उभी का असेना.

धक्का किती बसेल, हे पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर यावरून ठरते. उघडे डोके डांबरावर आपटले, तर ते जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरात थांबते. १५० ला अर्ध्याने भागले की ३०० येतात. डोक्याचे वजन ५ किलो धरले, तर त्याच्यावर क्षणभर दीड हजार किलोचा भार येतो. हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखे दोन-तीन सेंटीमीटर जाडीचे अस्तर असते. ते चेपले गेले आणि थांबण्याचे अंतर अडीच सेंटीमीटर झाले, तर ३०० चे ६० होतात. भार पाचपटीने कमी! हेल्मेट वाचवते ते आतल्या अस्तराच्या चेपण्यामुळे. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. आणि पट्टा बांधला नसेल, तर डोके आपटण्याआधीच हेल्मेट निघून जाते.

हा हिशेब माझ्या एका विद्यार्थ्याला चांगला येत होता. चाचणीत याच सूत्रावरचे उदाहरण त्याने अचूक सोडवले होते. एका पावसाळी संध्याकाळी तो दूध आणायला निघाला. कोपऱ्यापर्यंतच जायचे, म्हणून हेल्मेट हँडलला अडकवलेले होते. ओल्या वळणावर गाडी घसरली. तो वाचला, पण त्या वर्षी तो परीक्षेला बसू शकला नाही आणि नंतर कितीतरी दिवस त्याला ओळखीचे शब्द आठवत नसत. हे सूत्र फळ्यावर लिहिताना तेव्हापासून माझा हात क्षणभर थांबतो.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. दर तासाला सुमारे १९. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या मागे अतिवेग हे कारण होते आणि ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. एखादे विमान कोसळले की आपण आठवडाभर हळहळतो. रस्त्यावर माणसे एकेकटी जातात, म्हणून तो आकडा आपल्याला टोचत नाही.

तुम्हांला वाहन चालवण्याचा परवाना मिळायला अजून अवकाश आहे. पण वडिलांच्या किंवा ताईच्या मागे तुम्ही रोज बसता. उद्या बसताना वेगाच्या काट्याकडे एकदा नजर टाका आणि मनातल्या मनात तेवढ्या वेगाची उंची काढा. मग पाठीवर थाप मारून सांगा, "बाबा, आपण चौथ्या मजल्यावर आहोत. थोडे खाली उतरू या."