आधी वावराचा धनी

नंदुरबार,
चैत्र वद्य पंचमी

चि. बापूस,



तू पाठवलेला फोटो पाहिला. तळहातावर दोन तांब्याची नाणी, हिरवी पडलेली, आणि मागे पिशवीतून डोकावणारं त्या नव्या धातुशोधक यंत्राचं गोल तबक. खाली एवढंच लिहिलंयस : 'मामा, भाव किती येईल?' माझी चाळीस वर्षं सराफीत गेली, भाव सांगण्यावरच घर चाललं. तरी या दोन नाण्यांचा भाव मी आज सांगत नाही. आधी एक काम कर. ती चिंचेने, लिंबाने, पितांबरीने अजिबात घासू नकोस. तो हिरवा थर म्हणजे मळ नव्हे, नाण्याची अंगचीच कातडी झालेली असते ती. सोलली की अक्षरंही निघून जातात. दोन्ही नाणी कोरड्या कागदात वेगवेगळी गुंडाळ आणि वर लिहून ठेव : कोणतं वावर, कोणत्या बांधापासून किती पावलं, किती बोटं खोल, कोणता दिवस. आजच लिही. आठवड्याने तुला खोली नक्की आठवणार नाही.

वावर कोणाचं, हे मात्र तू कुठेच लिहिलेलं नाहीस. मित्राबरोबर दिवेलागणीला गेलो होतो, प्रकाशा गावाच्या अलीकडे, आणि तो मित्र नाणी घरबसल्या विकून देतो म्हणतो, एवढंच नंतर कळवलंस. ते वाचून मला रात्री झोप आली नाही, म्हणून फोन न करता पत्र लिहितो आहे. फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणशील आणि विसरशील.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट तुझ्या आईलाही ठाऊक नाही. दुकान नुकतंच माझ्या अंगावर आलं होतं. एका दुपारी एक मजूर धोतराच्या सोग्यात बांधलेली चांदीची नाणी घेऊन आला. गुळाच्या खड्यासारखी एकमेकांना चिकटलेली, मध्ये पांढरट माती भरलेली. विचारलं तर म्हणाला, "वावरमा सापडनं, शेठ." कोणाच्या वावरात, हे मी विचारलं नाही. काट्यावर टाकली, माती वजा धरली, मोडीच्या भावाने पैसे मोजले. तो खूश झाला आणि मीही. संध्याकाळी बागेसरी फुलवली, टाकणखार टाकून नाणी मुशीत सोडली. शेवटचं नाणं कडेवर उभं राहिलं होतं. त्यावरची अक्षरओळ लालभडक झाली, क्षणभर पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसली, आणि मग कड खचून त्याचा थेंब झाला. मला ती लिपी वाचता येत नव्हती. लगड ओतली, विकली. त्या चांदीचे पैंजण कोणाच्या पायात आज वाजत असतील कोण जाणे.

दोनेक वर्षांनी एक म्हातारी बाई दुकानात आली. तिच्या शेतात विहिरीचं काम चाललं असताना मजुराला काही लागलं होतं, असं तिच्या कानावर आलं होतं. मजूर तोवर गाव सोडून गेलेला. तिच्या आजेसासऱ्याने दुष्काळात पैसा पुरला आणि जागा न सांगताच तो गेला, अशी त्यांच्या घरात आठवण होती. तिने मला दोष दिला नाही. हात जोडून एवढंच विचारलं, "नाणी कोणत्या राजाची होती, शेठ? आमच्या आज्याची होती का?" मला सांगता आलं नाही. ती त्यांचीच होती की त्याआधी शेकडो वर्षांची, हे आता या जगात कोणालाच सांगता येणार नाही, कारण ते सांगू शकणारी एकमेव वस्तू मी वितळवली होती. पैसे पुढे केले, तर ते तिने घेतले नाहीत.

बापू, मी मुशीत घालवलं ते तू यंत्राने घालवू नयेस, एवढ्यासाठी हे सगळं सांगतो आहे.

तुला आपल्या दुकानात येणारे झारेकरी आठवतात का? लहानपणी तू त्यांच्या पाट्यांशी खेळायचास. सराफाच्या दुकानातली धूळ, भट्टीची राख, गटाराचा गाळ धुऊन त्यातून सोन्याचा कण काढणारी ही माणसं. तुझ्या यंत्राने जे करायचं ते ती पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या पाण्याने आणि हाताच्या झोलाने करत आली. पण झारेकरी केराला हात लावण्याआधी मालकाशी रक्कम ठरवतो. सोनं निघो न निघो, धुळीचे पैसे आधी देतो. रात्री येऊन गुपचूप झाडलोट करून गेलेला झारेकरी मी आयुष्यात पाहिला नाही. बाजारात त्यांना फार मान नव्हता, तरी त्यांची ही रीत मला आमच्या पेढीच्या रीतीपेक्षा सरळ वाटत आली.

तेव्हा परवानगी. ती बांधावर उभ्याउभ्या 'काका, फिरू का जरा?' अशी विचारायची गोष्ट नव्हे. सातबारा बघ. त्यावर चार भाऊ आणि दोन बहिणी असतील, एक पुण्याला, एक सुरतेला. कसणारा वेगळाच असेल, बटाईने करत असेल. त्याने हो म्हटलं म्हणून मालकाने हो म्हटलं असं होत नाही, आणि मालकाने हो म्हटलं तरी ज्याचं पीक उभं आहे त्याला विचारायला हवंच. दोघांकडे दिवसाउजेडी जा. यंत्र सुरू करून दाखव, त्याच्या हाती दे. काय शोधतो आहेस, निघालं तर काय करणार, वाटा कसा, हे साध्या कागदावर लिहा आणि दोघांनी सह्या करा. खळगा घेतला की माती त्याच क्रमाने परत भरायची, वरची वर. ठिबकची नळी फोडलीस तर भरपाई तुझी.

अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर इकडे गेलास तर आणखी जपून. हा पाचव्या अनुसूचीतला मुलूख. तिथे जमीन हेच माणसाचं सगळं असतं आणि बाहेरून आलेल्या हुशार लोकांनी ती कशी काढून घेतली याच्या आठवणी घराघरात आहेत. एकट्या मालकाशी बोलून भागणार नाही. गावाला, ग्रामसभेला कळू दे. तोरणमाळच्या जंगलात, वनखात्याच्या हद्दीत, जुन्या गढीवर, देवळाच्या आवारात यंत्र न्यायचंच नाही. कोणी भगत-मांत्रिक 'जागा मी दाखवतो, निम्मं माझं' म्हणत भेटला तर तिथून उठून ये. गुप्तधनापायी माणसं माणसाच्या जिवावर उठली आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी होणाऱ्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही.

अंधारात अनोळखी वावरात कधीच जाऊ नकोस. राईनपाडा आठव. साक्रीकडचं गाव, १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा, आणि भिक्षा मागून पोट भरणारी पाच निरपराध माणसं जमावाने ठेचून मारली. तुझ्या हातात तर दिवे लुकलुकणारं, आवाज करणारं यंत्र असेल. गावाने काय समजायचं?

आता कायदा. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं : काय, साधारण किती किमतीचं, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी कोषागारात ठेवायची किंवा जामीन द्यायचा. मग ते जाहीर नोटीस काढतात आणि किमान चार महिन्यांनी सुनावणी होते. शंभर वर्षांच्या आत कोणी पुरलेलं असेल तर त्याचे वारस पुढे येऊ शकतात. माझ्याकडे आलेल्या त्या बाईलाही या वाटेने जाता आलं असतं. धनी कोणी निघालाच नाही आणि आधीचा करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला, चौथा जमीनमालकाला. करार असेल तर कराराप्रमाणे. तू निम्म्याचा कर. कळवलंच नाहीस तर तुझा हिस्सा सरकारजमा, वर वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शिवाय १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा : शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि त्या परदेशी पाठवणं हा गुन्हा आहे. 'घरबसल्या विकून देतो' म्हणणारा तुझा तो मित्र नेमकं हेच करायला निघाला आहे.

सरकारला वस्तू ठेवायची झाली तर ते धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देतं. मला हे कंजूषपणाचं वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्याला मोडीचा भाव आणि वर थोडी बक्षिसी, म्हणजे सरकारही माझ्यासारखंच काट्यावर तोलतं म्हणायचं. लोक लपवतात त्याचं हेही एक कारण आहे. हा कायदा बदलायला हवा, पण तोवर तो मोडून आपण शहाणे ठरत नाही.

कळवल्याने काय साधतं, ते सांगतो. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांवर नाणी. सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. जुन्या चेहऱ्यावर नवा ठसा, खालचा अजून दिसतो आहे. नहपानाचं राज्य कोणी घेतलं, हे त्या ढिगाने सांगितलं. तो साठा एकत्र राहिला म्हणून. मूठमूठभर नाणी पाचपन्नास सराफांकडे गेली असती, तर आमच्या मुशींनी तो इतिहास एका हिवाळ्यात संपवला असता.

दुसरी गोष्ट दायमाबादची, प्रवरेकाठची. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल या शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना काशाच्या चार भरीव मूर्ती लागल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीच्या रथात उभा माणूस. चारही मिळून साठ किलोंवर वजन. त्या वितळल्या नाहीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तो रथ मी तासभर पाहत उभा होतो. त्या माणसाचे खांदे, बैलांची मान, असं ओतकाम आजही सोपं नाही. पण अभ्यासकांना त्या मूर्ती थरातून मिळाल्या नाहीत, म्हणून त्यांचा काळ कोणता यावर वाद राहिला. एक बाजू हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातल्या म्हणते, दुसरी धातूतल्या सोमलाच्या प्रमाणावरून शंका घेते. वस्तू हाती आली, पण तिच्याभोवतालच्या मातीची साक्ष गेली.

आणि तू जिथे गेलास ते प्रकाशा! तापी-गोमाईच्या संगमावरच्या त्या पांढरीवर बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केलं. खाली ताम्रपाषाण काळापासून वर मध्ययुगाच्या सुरुवातीपर्यंत चार काळांचे थर लागले. आपल्या पायाखाली साडेतीन हजार वर्षं आहेत, आपली पाटी कोरी नाही, हे तापीकाठच्या माणसाला तिथे कळलं. पांढर म्हणजे काय, हे तुझ्या आजोबांनी तुला दाखवलं होतं : जिथली माती राखेसारखी, खापराचे तुकडे वर आलेले, तिथे जुनं गाव नांदलेलं असतं. अशा मातीवर यंत्र चालवायचंच नाही. नांगराखालच्या थरात तू खुरपं घातलंस की वरचं खाली आणि खालचं वर होतं, आणि मग तो थर कोणालाच वाचता येत नाही. तिथे काही वर आलेलं दिसलं तर फोटो काढ, जागा लिही आणि पुरातत्त्व खात्याला कळव.

इंग्लंडात १९९२ साली एरिक लॉज नावाचा माणूस हॉक्सन गावी शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधत होता. लागली रोमन काळातली सोन्याचांदीची पेटी, सुमारे पंधरा हजार नाणी. थोडं निघताच त्याने खणणं थांबवलं आणि कळवलं. बाकीचं अभ्यासकांनी जसंच्या तसं उचललं. त्याला साडेसतरा लाख पौंड मिळाले, ते त्याने त्या शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. आणि तो हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मला त्या माणसाचं मोठेपण वाटतं ते हात थांबवण्यात. सोनं चमकत असताना खुरपं खाली ठेवणं किती अवघड असतं, हे सोन्यात हात घातलेल्यालाच कळेल.

तुला पैसे हवेत हे मला समजतं. यंत्राचा हप्ता आहे, आणि हौस पैशावाचून टिकत नाही. पण त्या यंत्राला हक्काची कमाई आहे. शेतात पडलेलं मंगळसूत्र, कापणीत हरवलेला विळा, ट्रॅक्टरची पिन, पाइपलाइनचा पुरून विसरलेला व्हॉल्व्ह, सारंगखेड्याच्या घोडेबाजारानंतर धुळीत राहिलेली अंगठी. आणि एक काम कोणी करत नाही : चाऱ्याचा ढीग तपासणं. कुट्टीबरोबर तार किंवा खिळा गाईच्या पोटात गेला की तो पुढे काळजापर्यंत टोचत जातो. दुधाच्या गावांत फिरून विचार. मजुरी आधी ठरव, येण्याजाण्याचे वेगळे, वस्तू सापडली तर ठरलेली रक्कम. वस्तूत वाटा मागायचा नाही. मंगळसूत्र हरवलेली बाई रडत आलेली असते, अशा वेळी वाटा मागणं मला सहन होत नाही.

आता त्या दोन नाण्यांचं. वावराचा धनी शोधून काढ, पण एकटा जाऊ नकोस. आखाजीला तुझी आई माहेरी येईल, तिच्याबरोबर ये. सालदारांचं ठरवायला शेतकरी त्या दिवसांत घरीच सापडतात. आपण दोघे त्याच्याकडे जाऊ, नाणी त्याच्यापुढे ठेवू आणि न विचारता आलो होतो हे तू स्वतः सांगायचंस. तो रागावला तर ऐकून घ्यायचं. तिथूनच जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाचा अर्ज लिहू, सही त्याचीही घेऊ. अर्जाचा मसुदा मी करून ठेवला आहे, जागेची ओळ तेवढी रिकामी सोडली आहे. ती तुझ्या त्या कागदावरून भरायची.

येताना यंत्र आण. आपल्या मागच्या आळीत एका बाईची नथ परसात पडली आहे, तिला मी तुझं नाव सांगितलं आहे.

तुझा,
मामा