दशांश आणि जमाखर्च

बी. ए. (द्वितीय वर्ष)

पैसा आणि धर्म यांची गाठ पडली की आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. पैसा ही माया आहे, भाविकाने तिच्याकडे पाठ फिरवावी, असे एक मत. देवाला सढळ हाताने दिले की देव दुपटीने परत करतो, हे दुसरे. दोन्ही मतांत घरखर्चाच्या वहीला जागा नाही. पहिल्या मताला ती क्षुद्र वाटते आणि दुसऱ्याला अनावश्यक. परंतु ज्या घरात कापसाचा पैसा वर्षातून एकदाच येतो, त्या घराला या वहीवाचून गत्यंतर नसते. मी ख्रिस्ती कुटुंबातील आहे आणि माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. त्यामुळे श्रद्धा आणि हिशेब यांचे नाते काय, हा प्रश्न मला केवळ परीक्षेपुरता नाही. प्रस्तुत लेखात धर्मग्रंथ, मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास आणि आपल्या भागातील व्यवहार या तीन अंगांनी त्याचा विचार करावयाचा आहे.

शास्त्र काय सांगते?

बायबलमध्ये पैशाविषयी जे सांगितले आहे त्यातला बराच भाग दाखल्यांच्या रूपाने आला आहे आणि या दाखल्यांत कारभारी वारंवार भेटतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात परदेशी निघालेला धनी आपला पैसा चाकरांच्या स्वाधीन करतो आणि परत आल्यावर प्रत्येकाकडून हिशेब घेतो. लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी खाली बसून खर्चाचा अंदाज घेतो, नाहीतर अर्धवट काम पाहून लोक हसतील. या सर्वांतून निघणारी कल्पना अशी की, मनुष्य हा धनाचा मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्ताला हिशेब चुकत नाही. उलट मालकापेक्षा विश्वस्तालाच तो अधिक काटेकोर ठेवावा लागतो.

दानाविषयी बोलताना विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट नेहमी सांगितली जाते. तिने आपल्या गरिबीतून दिले म्हणून येशूने तिची थोरवी सांगितली. पण मार्काच्याच शुभवर्तमानात सातव्या अध्यायात आणखी एक प्रसंग आहे, त्याची आठवण मात्र कमी काढली जाते. काही लोक आपली मालमत्ता ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण झाली असे जाहीर करीत आणि त्या सबबीवर म्हाताऱ्या आईबापांना पोसण्याचे टाळीत. येशूने याचा कडक शब्दांत निषेध केला. घरच्यांच्या तोंडचा घास काढून देवाला वाहिलेले दान त्याला मान्य नव्हते, हे यावरून उघड होते.

प्रेषित पौलाचे उदाहरणही लक्षात घेण्याजोगे आहे. तो तंबू शिवून स्वतःचे पोट भरीत असे. यरुशलेमच्या गरिबांसाठी निधी जमविताना त्याने रक्कम एकट्याच्या हाती ठेवली नाही. मंडळ्यांनी निवडलेली विश्वासू माणसे त्याने बरोबर घेतली, कारण कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये. संताच्या पैशालाही साक्षीदार असावा, ही जाणीव दोन हजार वर्षांपूर्वीची आहे.

टिळकांचे घर

आता मराठी मुलखाकडे वळू. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मराठीचे विद्यार्थी या नात्याने आपल्या सर्वांच्या परिचयाचे कवी आहेत. विदर्भाशीही त्यांचा संबंध होता. धर्मांतरापूर्वी ते काही काळ नागपुरात होते आणि राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका मिशनऱ्याने त्यांच्या हाती बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, ही त्यांची कर्मभूमी झाली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी काही वर्षांच्या ताटातुटीनंतर १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले.

‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक संसाराच्या जमाखर्चाचे पुस्तक म्हणूनही वाचता येते. त्यातले टिळक मोठ्या मनाचे आहेत. पैसा त्यांच्या हाती ठरत नाही, अडलेल्याला नाही म्हणणे त्यांना जमत नाही, पाहुणे आणि निराधार मुले त्यांच्या दारी हक्काने येतात. उद्याची चिंता करू नये हा उपदेश ते अक्षरशः जगले. १९१७ साली तर त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, ते निवर्तले.

परंतु ज्याने उद्याची चिंता केली नाही त्याच्या घरी ती कोणीतरी केलीच. ती लक्ष्मीबाईंनी केली. आलेल्या प्रत्येकाला ताट वाढायचे तर चुलीवर काय आहे आणि डब्यात काय उरले आहे हे त्यांनाच पाहावे लागे. त्यांनी हे सारे इतक्या हसतमुखाने लिहिले आहे की वाचताना आपणही हसतो आणि त्या विनोदामागचे ओझे सहज नजरेआड होते. टिळकांच्या औदार्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. निराधार मुले त्या घरात वाढली हे खरेच आहे. पण त्या दानाचे अर्धे श्रेय वही, डबा आणि चूल सांभाळणाऱ्या बाईचे आहे, हे आपण म्हटले पाहिजे. घरातील दान हे कधीच एकट्याचे नसते. ते देण्याचा निर्णय एकाने घ्यायचा आणि त्याची तोंडमिळवणी दुसऱ्याने करायची, ही वाटणी न्यायाची नव्हे.

येथे तुकोबांची आठवण होते, आणि टिळकांचे तुकोबांवर किती प्रेम होते हे सर्वश्रुतच आहे. तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. बुडविण्यापूर्वी त्यांनी खतांची वाटणी केली, धाकटा भाऊ कान्होबा याचा हिस्सा त्याच्या स्वाधीन केला आणि फक्त आपला हिस्सा पाण्यात सोडला. विरक्तीच्या त्या क्षणीही त्यांनी दुसऱ्याच्या वाट्याचे दान केले नाही. ख्रिस्ती असो वा वारकरी, दानाचा पहिला नियम हाच असावा.

पंडिता रमाबाईंच्या कार्यात श्रद्धा आणि व्यवस्था यांचा मेळ दिसतो. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा अमेरिकेतील बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली होती. पुढे केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये प्रार्थनेवर त्यांची भिस्त राहिली. पण प्रार्थनेबरोबर तेथे शेती होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता आणि छापखानाही होता. दुष्काळातून वाचविलेल्या मुलींनी हात जोडले आणि ते कामालाही लावले.

रायफायझेन ते वसई

एका घराचा हिशेब कितीही चोख असला तरी पाऊस दगा देतो, आजारपण येते आणि कर्ज काढावेच लागते. तेव्हा प्रश्न घरापुरता राहत नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत फ्रिडरिश विल्हेल्म रायफायझेन (१८१८–१८८८) या ग्रामीण नगराध्यक्षाने या प्रश्नाला हात घातला. १८४६-४७ च्या उपासमारीत त्याने श्रीमंतांकडून पैसा जमवून गरिबांना उधारीवर भाकरी मिळवून दिली. त्याची प्रेरणा शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या ख्रिस्ती आज्ञेची होती. पण श्रीमंतांचा उत्साह ओसरला की काम थांबते, हे त्याला अनुभवाने कळले. म्हणून १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे त्याने वेगळी पतपेढी काढली. तिच्यात कर्ज घेणारा स्वतः सभासद असे आणि सर्व सभासद एकमेकांना जामीन असत. दयेची जागा परस्पर जबाबदारीने घेतली. हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, त्यामागे याच नमुन्याचा अभ्यास होता.

महाराष्ट्रात याचे ठळक ख्रिस्ती उदाहरण वसईचे आहे. वसईचे कॅथॉलिक हे पिढ्यान्‌पिढ्या शेती-बागायती करणारे, मराठीच्या बोली बोलणारे लोक. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने तेथे सहकारी पतसंस्था उभी राहिली. तीच पुढे बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. शंभराहून अधिक वर्षे झाली, आज ती राज्यातील मोठ्या सहकारी बँकांत गणली जाते. धर्मगुरूने गरिबाच्या हातावर चार पैसे ठेवले असते तर ते आठवडाभर पुरले असते. त्याने खातेवही उघडून दिली, ती शतकभर पुरली.

आपल्या भागातील प्रश्न

खामगाव-अकोल्याकडे अलायन्स मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे आहे. पिंपळगाव राजाहून आम्ही उपासनेला खामगावी जातो. तेथे दशांशाचा विषय निघतो तेव्हा नोकरदार आणि शेतकरी यांची अडचण एक नसते, हे माझ्या ध्यानात आले. पगारदाराला दहावा हिस्सा काढणे सोपे, कारण पगार हेच त्याचे उत्पन्न. शेतकऱ्याने दहावा हिस्सा कशाचा काढावा?

उदाहरणादाखल असे धरू की तीन एकर कोरडवाहू शेतात १० क्विंटल कापूस झाला आणि तो ७,००० रुपये भावाने विकला. हाती ७०,००० आले. बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि वेचणी यांचा खर्च ४२,००० धरला तर खरी शिल्लक २८,००० राहते. एकूण विक्रीचा दशांश काढला तर ७,००० रुपये द्यावे लागतील, म्हणजे शिल्लकीचा चौथा हिस्सा. शिल्लकीचा काढला तर २,८०० होतात. जुन्या करारातील दशांश हा प्रत्यक्ष धान्याचा होता. त्या काळच्या शेतकऱ्याला दुकानातून बियाणे आणि खत उधार आणावे लागत नव्हते. आज विक्रीच्या रकमेत दुकानदाराचा पैसा मिसळलेला असतो. जो पैसा दुकानदाराचा आहे तो आपला नाही आणि जो आपला नाही त्याचे दान करता येत नाही. पौलानेही करिंथकरांना लिहिताना असे सुचविले आहे की ज्याच्याजवळ जे आहे त्या मानाने त्याचे देणे मान्य होते, नसलेल्याच्या मानाने नव्हे.

दुसरी अडचण काळाची आहे. नाताळ डिसेंबरात, नेमका कापसाच्या पैशात येतो. पेरणी आणि शाळा-कॉलेजची फी जूनमध्ये, रिकाम्या खिशात येते. मधल्या सहा महिन्यांत लग्ने असतात. जूनमध्ये महिना शेकडा पाच रुपये व्याजाने १०,००० घेतले तर डिसेंबरपर्यंत नुसते व्याज ३,००० होते. वर्षाचा हिशेब केला तर ते शेकडा साठ पडते. गरिबाला उसने देताना त्याच्याकडून व्याज घेऊ नये, असे निर्गम या पुस्तकात सांगितले आहे. ही आज्ञा धनकोसाठी आहे. ऋणकोला तिच्यातून शिकायचे ते हे की, जूनचा पैसा डिसेंबरातच वेगळा ठेवावा, मग नाताळचे कपडे एका जोडीने कमी झाले तरी चालतील.

आमच्या घरी आई चौथी शिकलेली आहे. पैसा आला की ती आधी उधारी चुकवते, मग बियाण्याची रक्कम पोस्टात टाकते, मग उरलेल्यातून देवाचा वाटा बाजूला काढते आणि त्यानंतरच बाजाराची यादी करते. देवाचा वाटा लहान असतो, पण तो उरल्यासुरल्यातला नसतो. एरवी पैसा नसतो त्या दिवसांत भाकरीचे पीठ मळण्यापूर्वी ती एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रिया १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात आणि त्यावर मोठमोठी कामे उभी राहिली आहेत, हे मी नंतर वाचले. ज्या घरात नगद नाही त्या घरातील बाईलाही स्वतःच्या हाताने देता यावे, ही त्यातली गोष्ट मला मोलाची वाटते.

आज गावोगाव बचत गट आहेत, आठवड्याच्या हप्त्याने कर्ज देणाऱ्या कंपन्याही आहेत. दोन्हींत सही बाईचीच असते. फरक एवढाच की गटाची वही बायांच्या समोर उघडी असते. म्हणून प्रत्येक मंडळीने उपदेशाबरोबर एक साधा हिशेबाचा वर्ग चालवावा असे मला वाटते. कर्ज काढून अर्पण देऊ नये, हे वेदीवरून स्पष्ट सांगितले जावे. मंडळीने स्वतःचा जमाखर्चही वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचून दाखवावा. पौलाने तो दाखविला, मग आपल्याला संकोच का वाटावा?

समारोप

वरील विवेचनाचे सार थोडक्यात असे. पैसा देवाचा आहे असे ज्याला मनापासून वाटते त्याने हिशेब अधिक नीट ठेवला पाहिजे. दान आपल्या हिश्श्यातून द्यावे आणि घरातील सर्वांच्या विचाराने द्यावे. एकट्या घराला जे झेपत नाही ते चार घरांनी मिळून उचलावे. हे तीन नियम ख्रिस्ती घरापुरते आहेत असेही नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी यंदाही कापूस विकला जाईल आणि त्याच पैशातून पुढच्या वर्षाची आपली फी निघायची आहे. आपण शिकलेली मुले-मुली निदान एवढे करू शकतो की, त्या दिवशी आईजवळ बसावे आणि तिच्या तोंडचा हिशेब वहीत उतरवून द्यावा.