तळ्यावरचे राजहंस

दौलताबादच्या पुढे आमचं छोटं शेत आहे. शेततळं झालं तशी मला हौस आली आणि मी राजहंस आणले, दोन. तीन वर्षांत त्यांचे १७ झाले. त्या काळात आलेलं हे शहाणपण, अर्थात उशिराचं.

१. राजहंस म्हणून आणलेले निघाले पाळीव गूज. "दोन्ही माद्याच आहेत," असं विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं. यांच्यात नर-मादी दिसायला सारखेच. पिल्लं निघाली तेव्हा उलगडा झाला. नीरक्षीरविवेक हंसाकडे असतो म्हणे. आमच्या घरात तो कुणाकडेच नव्हता.

२. पिल्लं होऊ देणं हीच भूतदया, असं मला वाटायचं. वैशाखात पाणी तळाला गेलं. प्लास्टिकच्या अस्तरावरून पिल्लांचे पाय घसरत राहिले आणि एका सकाळी दोन तरंगताना दिसली. मग मी काठावरून पाण्यात गोणपाट सोडलं. ते आधी सुचायला हवं होतं.

३. ऊब मिळेपर्यंत अंडं नुसतं अंडंच असतं. मादी साधारण दिवसाआड एक घालते. घरटं भरत आलं की छातीची मऊ पिसं उपटून अंथरते आणि मग बसते. पुढे महिन्याभरात पिल्लू. म्हणजे पिल्लं नको असतील तर अंड्यांना आपण हात घालायचा तो पिसं दिसण्याआधी.

४. सगळी अंडी उचलली, तर मादी घालतच राहते आणि झिजते. म्हणून काताऱ्याकडून लाकडी अंडी करून घेतली. मादी त्यांच्यावरही तितक्याच निष्ठेने बसली. "अहो, फसवलंत तिला," बायको म्हणाली. महिन्याने लाकडं काढली. ती उठून पाण्यात गेली. मला मात्र बरेच दिवस तिच्या नजरेला नजर देववेना.

५. "सलीम अली सरोवरात सोडून द्या की!" हा सल्ला सगळ्यांनी दिला. पण सरोवर काय नि नाथसागर काय, पाणी रानपाखरांचं; हिवाळ्यात नाथसागरावर पट्टकदंब, म्हणजे रानटी गूज, येतात, ते हिमालय ओलांडून. आपली हौस फिटली म्हणून रानपाखरांच्या पाण्यात आपले पक्षी आणि त्यांचे रोग सोडायचे, हे मनाला पटेना.

६. उशीर झाला असेल तर हात आवरावा. परदेशात अंडं आधी पाण्यात सोडून बघतात. बुडालं तर ताजं. तरंगलं तर आत जीव वाढीला लागलाय असं धरून परत घरट्यात. गेल्या पौषात आमचं एक तरंगलं. ते आता मोठं झालंय आणि रोज फाटकाशी माझीच पोटरी धरतं.